इतरांना चालण्याची परवानगी

१

छापखान्यात त्याला सगळे पेंग्विन म्हणायचे, आणि त्याला कारणं दोन होती. एक म्हणजे तो घरच्या कॉम्प्युटरवर चारचौघांसारखी विकतची प्रणाली न वापरता लिनक्स वापरायचा, आणि लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. दुसरं म्हणजे तो चालायचाही तसाच. हात अंगालगत, पोट पुढे, पावलं बाहेर फाकलेली. पहिलं कारण तो स्वतः सांगायचा, दुसरं बाकीचे.

काम मुद्रितं तपासण्याचं. दुसऱ्यांच्या राहिलेल्या काना-मात्रांवर याचं पोट. एकदा दवाखान्याच्या दाराबाहेर "चपला काढाव्यात" ऐवजी "चपला काढव्यात" लिहिलेलं दिसलं, तर गडी आत शिरायच्या आधी कंपाउंडरकडून पेन मागून काना देऊन आला होता, आणि मग दाखवली स्वतःची सुजलेली दाढ.

घरी तो आणि ताई, दोघंच. ताई भूमापन कचेरीत नकाशे काढायची. आजारात उजवी बाजू गेली, तेव्हा त्यानं तिला आपल्याकडे आणलं. बोलणं आठवड्याभरात परत आलं. ते कधी गेलंच नव्हतं असं पेंग्विनचं मत. पाय मात्र आला नाही.

संध्याकाळी दोघं कॉम्प्युटरवर भीतीचे खेळ खेळत. ताई चाकाच्या खुर्चीत, हा शेजारी लाकडी खुर्चीवर. माउस ताईच्या डाव्या हातात, कीबोर्ड याच्याकडे. म्हणजे ती बघायची आणि हा चालायचा. नकाशे काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे कुठल्याही भुताटकीच्या घरात ताई पहिल्या पाच मिनिटांत सांगायची, "डावीकडे जिना असणार बघ. नसला तर बांधणारा गाढव."

खेळ बहुतेक दुसऱ्या प्रणालीसाठी बनवलेले. ते आपल्या लिनक्सवर चालतात का, हे कुणीतरी खेळूनच सांगावं लागतं. पेंग्विन ते सांगायचा, लिनक्सवाल्यांच्या एका संकेतस्थळावर, आवडत्या भीतिदायक खेळांच्या सदरात. शेरे तीनच. चालतो. अडखळत चालतो. चालत नाही.

"शेवटचे दोन माझे," ताई म्हणायची. "सरकारी कागदावर तेच लिहून दे."

२

त्या दिवशी नवा खेळ आणला होता, वसतिगृहाचा. पेंग्विननं फाईलवर दोनदा टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पंखा तेवढा घुरघुरला.

"काय झालं? भूत रजेवर आहे का?"

"परवानगी द्यायची राहिली."

या प्रणालीत एक शिस्त आहे. बाहेरून आलेली फाईल आपल्या मनानं सुरू होत नाही. तिच्या नावापुढे लिहावं लागतं की ही कुणी कुणी चालवायची. मालकानं, त्याच्या गटातल्यांनी, की इतरांनीही? तीन ओळी, तीन चौकोन. ज्याच्यापुढे खूण कराल त्याला मोकळीक. जाणकार माणूस मालकाच्या चौकोनात खूण करतो आणि इतरांच्या चौकोनाला चुकूनही हात लावत नाही. कारण इतर म्हणजे कोण, हे त्या प्रणालीत कुठंच लिहिलेलं नाही. मालक नाही आणि गटातलं नाही, ते सगळं इतर.

खिडकी उघडली. पडद्यावर, परवानगीची, मराठीत. हे मराठी पेंग्विनचंच होतं. रविवारी बसून बसून त्यानं आपल्या कॉम्प्युटरवरच्या शेकडो ओळींचं भाषांतर केलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

ताईनं चष्मा सावरला आणि बातम्या द्याव्या तशा आवाजात वाचलं. "मालकाला चालण्याची परवानगी. गटाला चालण्याची परवानगी. इतरांना चालण्याची परवानगी." आणि ती अशी हसत सुटली की तिला ठसका लागला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही रे. मालक कोण?"

"मी. कॉम्प्युटर माझ्या नावानं आहे."

"गटात?"

"गटात कुणी नाही."

"म्हणजे मी इतरांत."

हे तिनं हसतच म्हटलं होतं. पण ताई या घरात अजून फ्रिज उघडताना "घेऊ का रे?" विचारायची, आणि ते त्याला दर वेळी लागायचं.

"मग देऊन टाक ना इतरांनाही," ताई म्हणाली. "त्यांनी काय तुझं घोडं मारलंय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं भुवया उडवल्या. मग त्यानं, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मालकाच्या चौकोनाबरोबर तिसऱ्या चौकोनातही खूण केली.

खेळ लगेच सुरू झाला.

३

या खेळाची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर लांब पॅसेज आहे आणि त्याच्या टोकाला एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी आहे. बस्स. ती वळत नाही, ओरडत नाही, अंगावर येत नाही. पुढचं दार तिच्या खांद्याला खेटून आहे, आणि तिथून जायचं एवढंच. जगभरच्या खेळणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की ती हलत नाही हीच तिची दहशत आहे. आता हलेल, आता हलेल, या धाकानं माणूस अर्धा होतो.

दोघं दुसऱ्या मजल्यावर पोचले. पॅसेज आला. बल्ब लुकलुकत होता. पेंग्विननं एक एक पाऊल टाकत नेलं.

टोकाला कुणीच नव्हतं.

"पुढे हो," ताई म्हणाली.

तो पुढे झाला. भिंत हिरव्या तेलरंगाची, जुनी, मळकी. आणि तिच्यावर एक फिकट, स्वच्छ आकार. वर्षानुवर्षं एका जागी असलेलं कपाट हलवल्यावर मागे राहतो तसा. फक्त हा कपाटाचा नव्हता. खांदे होते त्याला.

"चहाला गेली असेल," ताई म्हणाली. पण माउसवरचा हात तिनं उचलून मांडीवर घेतला.

पेंग्विननं खेळ बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्यानं संकेतस्थळावर विचारलं, पॅसेजमधली बाई दिसत नाही, आणखी कुणाचं असं झालंय का? तिघाचौघांनी उत्तर दिलं की आमच्याकडे आहे. एकानं सल्ला दिला, "तुमच्याकडे नीट चालत नसेल."

त्यानं शेरा लिहिला, अडखळत चालतो, आणि विषय मिटवला.

४

खाली एक संगीतशिक्षक राहायचे. सगळा जिना त्यांना काका म्हणे. आठवड्याभरानं संध्याकाळी पेंग्विन कामावरून परतत होता, तर काका दारातच उभे.

"अभिनंदन! सांगितलं नाहीस ते?"

"कशाबद्दल काका?"

"ताई चालायला लागल्या ना! दुपारी फेऱ्या असतात त्यांच्या. मी आडवा झालो की वर सुरू. डावा, उजवा, डावा, उजवा. सुंदर लय. पाय जरासुद्धा ओढत नाहीत."

पेंग्विन कसनुसं हसला. दुपारी ताई एकटी असायची. सकाळी व्यायामवाली यायची, तिला उठवून खुर्चीत बसवायची, पाय हलवून घ्यायची आणि जाताना पुन्हा पलंगावर निजवून जायची. पलंगाला एका बाजूनं कठडा होता. तो ताईला एका हातानं उघडता यायचा नाही.

जिना चढताना त्यानं स्वतःची समजूत घातली. पाण्याचे नळ वाजतात. शेजारच्या इमारतीचा आवाज भिंतीतून येतो. काकांचं वय झालं. तिसऱ्या कारणाशी तो जरा अडखळला, कारण काका गल्लीतल्या सायकलच्या घंटीचा सूर ओळखून सांगायचे.

५

घरात पॅसेज होता, यांच्याही. दारातून आत गेलं की डाव्या हाताला ताईची खोली, उजव्या हाताला कॉम्प्युटरची, आणि टोकाला कोरी भिंत. एरवी तो या पॅसेजमधून डोळे मिटून गेला असता. आज त्यानं दिवा लावला.

ताई पलंगावर, उशीला टेकून. कठडा लावलेला.

"ताई, दुपारी काही आवाज येतो का गं घरात?"

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तूच विचारतोयस?"

"म्हणजे?"

"मीच विचारणार होते तुला. दुपारी येऊन जातोस, तर जेवून तरी जात जा. आत डोकावायलाही तुला फुरसत नाही? दारापर्यंत येतोस, थांबतोस, परत जातोस." "मला वाटलं, माझ्या आजारपणाला कंटाळलास. म्हणून बोलले नाही."

फ्रिज घरघरत होता, तो थांबला. घरात तोच एक आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं.

"मी दुपारी येत नाही, ताई."

"येतोस की. पेंग्या, तुझी चप्पल ओळखते मी."

"चपलेचा आवाज येतो?"

ताई विचारात पडली. तिचा डावा हात चादरीची किनार चाचपत राहिला.

"नाही," ती म्हणाली. "अनवाणी असतोस."

६

त्याच आठवड्यात एका सकाळी व्यायामवालीनं छापखान्यात फोन केला. "दादा, ताबडतोब या" एवढंच बोलली. पेंग्विन धावत घरी आला, तर ताई पलंगाशेजारी उभी. कठड्याला डावा हात. उजवं पाऊल जमिनीवर सपाट टेकलेलं.

"मी नाही काही केलं," व्यायामवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळाला आठी. "मी पाठ करून टॉवेल घेत होते, वळले तर या उभ्या. दादा, हा पाय गेलेला पाय होता."

ताई घामाघूम होऊन हसत होती. पेंग्विन रडला. मोठा बाप्या माणूस, दारात उभा राहून, पिशवी खांद्यालाच.

संध्याकाळी तो आनंदात कॉम्प्युटरपुढे बसला. वसतिगृहाचा खेळ काढून टाकू, उगीच डोक्याला ताप नको, म्हणून फाईलची खिडकी उघडली. आणि ती ओळ पुन्हा समोर आली. इतरांना चालण्याची परवानगी.

मुद्रितं तपासणाऱ्याचा डोळा आपलं लिहिलेलं वाचत नाही, जे लिहायचं होतं ते वाचतो. इतके दिवस त्यानं तेच वाचलं होतं. आज पहिल्यांदा अक्षरं दिसली. "चालवण्याची" हवं होतं. फाईल चालवण्याची. "व" राहिला होता.

म्हणून हसली होती तर ताई.

आता राहिलेल्या एका अक्षरानं कुणी चालायला लागत नाही, हे पेंग्विनला कळत होतं. तसं असतं तर छापखान्यातून आजवर जे काही छापून गेलं त्यानं निम्मं गाव उलटं चाललं असतं. तो स्वतःशीच हसला. "व" घालायला बोट पुढे केलं. एक अक्षर. जन्मभर हेच तर केलं.

भिंतीपलीकडे ताई गुणगुणत होती. कित्येक महिन्यांत ती गुणगुणली नव्हती.

त्यानं बोट मागे घेतलं. खेळही काढला नाही. चूक दिसल्यावर ती तशीच ठेवून तो उठला, आणि हे आयुष्यात पहिल्यांदा.

७

ताई भरभर सुधारत गेली. पलंगापासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून दारापर्यंत. व्यायामवाली मात्र गप्प गप्प होत गेली आणि एका सकाळी म्हणाली, "दादा, मी उद्यापासून येत नाही. त्यांना माझी गरज नाही. मी धरायला गेले की त्यांचा हात आधीच कुणाच्यातरी हातात असल्यासारखा असतो." एवढं बोलून ती पायऱ्या उतरली, आणि लिफ्ट वर आलेली असूनही तिनं ती घेतली नाही.

काकांनी जिन्यात गाठलं. या वेळी अभिनंदन नव्हतं. "एक विचारू? वर आणखी कोण राहायला आलंय?"

"कुणी नाही."

"मग माझा कान गेला म्हणायचा. ही एकीची चाल नाही रे. दोघींची आहे. एक पाय टाकते, आणि दुसरी तिच्या पावलावर पाऊल टाकते. बरोब्बर त्याच जागी." काकांनी दाराची चौकट धरली. "ताई पुढे आहेत की मागे, ते तेवढं मला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंग्विन डोकं दुखतं असं सांगून छापखान्यातून निघाला. कुलूप आवाज न करता उघडलं. स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरलो याची त्याला लाज वाटली.

पॅसेजमध्ये ऊन येत नसे, पण दुपारी ताईच्या खिडकीचा उजेड दारातून तिरपा पडायचा. त्या उजेडाच्या पलीकडे, टोकाला, ताई उभी होती. भिंतीकडे तोंड. घरातला जुना गाऊन, मोकळे केस, दोन्ही पाय सरळ, हात नुसते सोडलेले. कशालाही धरलेलं नव्हतं.

त्याचा ऊर भरून आला.

"ताई!" तो म्हणाला. "अगं, एकटी एवढ्या लांब?"

ती हलली नाही.

डाव्या हाताच्या खोलीतून, त्याच्या अगदी जवळून, ताईचा आवाज आला. "पेंग्या? आज लवकर? कुणाशी बोलतोयस रे?"

८

तो खोलीत कसा शिरला ते त्याचं त्याला कळलं नाही. दार लोटलं, त्याला पाठ लावली. ताई पलंगाच्या काठावर बसली होती, पाय खाली सोडून. कठडा उघडा.

"पाहिलंस वाटतं," ती म्हणाली.

"कोण आहे ती?"

"मला तरी काय माहीत. तोंड दाखवत नाही. मागून येते, काखेत हात घालते, आणि माझा पाय पडतो." ताई हे डॉक्टरनं गोळी बदलली असं सांगावं तसं सांगत होती. "आधी मलाही भीती वाटली. मग म्हटलं, आपण दोघं इतकी वर्षं पैसे घालून कशाला घाबरत होतो?"

"तिच्या अंगावर तुझा गाऊन आहे."

"दिला मी. बिचारीला काही नव्हतं."

"ताई, मी ती परवानगी काढतोय."

ताईचं हसू गेलं. पाठीमागे दाराच्या लाकडाला पलीकडून काहीतरी हलकेच टेकल्यासारखं झालं. डोकं टेकावं तसं.

"आणि मग मी?" ताई म्हणाली. "मी पुन्हा या पलंगावर? तू सकाळी जाणार, रात्री येणार. मधला दिवस किती मोठा असतो, तुला माहीत आहे का? छतावर एक डाग आहे, त्याचा नकाशा पाठ झालाय मला. पेंग्या, माझ्याकडे बघ. मी चालतेय रे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती चालायला लागली होती, खरंच. तिच्या गालावर रंग आला होता. हीच ताई त्याला हवी होती, हीच त्यानं मागितली होती. पण तिची डावी बाजू, चांगली असलेली, किंचित उतरल्यासारखी वाटली. आणि उजव्या काखेखाली कापड आत दाबलं गेलं होतं, चार बोटांनी अजूनही धरलेलं असावं तसं.

"ती तुला चालवतेय, ताई," तो म्हणाला. "तू नाही चालत."

तो वळला आणि दार उघडलं. पलीकडे कुणी नव्हतं. पॅसेज ओलांडला, टोकाकडे न बघता. कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन लाकडी खुर्चीवर बसला. खिडकी उघडली. तीन ओळी, तीन चौकोन. माउसचा बाण तिसऱ्या चौकोनावर नेला. एक टिचकी, बस्स.

मागे पावलं सुरू झाली. डावा, उजवा. ताईचं पाऊल तो ओळखत होता, टाच आधी टेकायची. आणि त्या पावलातच दुसरं, अनवाणी, इतकं जुळलेलं की एकाच पावलाला दोन आवाज असावेत. पॅसेज संपला. उंबरा आला. त्याचं बोट माउसवर होतं. दाबलं की पाय जाणार होता, आणि कुणाचा जाईल ते त्याला माहीत होतं. ताई आत्ता, या क्षणी, उभी होती. दाबलं तर ती त्याच्या पाठीमागेच कोसळणार होती. तो हे करत होता की करणार नव्हता, एवढाच प्रश्न होता, आणि बोटाला त्याचं उत्तर येईना.

ताईचा डावा हात त्याच्या हातावर आला. ऊबदार, ओळखीचा. तिनं माउस हळूच काढून घेतला. त्यानं घेऊ दिला.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याला कीबोर्ड दिसत होता. त्यावर दुसरा हात येऊन टेकला. स्वच्छ, फिकट, नखं नीट कापलेली. त्या हाताचा तळवा वर होता. तळवा छताकडे ठेवून बोटांच्या पाठींनी त्या हातानं चालायच्या कळा शोधल्या आणि त्यांवर बोटं बसवली, सवयीची असावीत तशी.

पेंग्विननं मान वर केली नाही.

"घाबरलास?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात जुनं, संध्याकाळचं हसू होतं. "सरक जरा. आम्हाला खेळायचंय."

तो सरकला. उठून बाजूला उभा राहिला. ताई चाकाच्या खुर्चीत बसली, तिच्या शेजारी लाकडी खुर्ची करकरली. त्या टेबलाशी घरात दोनच खुर्च्या होत्या. तिसरी कधी लागलीच नव्हती.